बाजाराच्या दिवशी भरलेली शाळा

मी गिरणीवाला माणूस. तेलावर चालणारं इंजिन, त्याचा पट्टा, दोन जाती आणि खाली पडणारं गरम पीठ — डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं तेवढंच मी खरं मानत आलो. आमच्या गावात कुणाला चिंचेवर काही दिसलं, कुणाला नदीत कुणी हाका मारल्या, की लोक मला मुद्दाम येऊन सांगायचे, कारण मी भडकतो हे त्यांना ठाऊक होतं. 'अरे, रात्रीचं कमी खात जा,' एवढंच माझं उत्तर असायचं. तेव्हा संपादकसाहेब, आज मीच तुमच्या या अघटित अनुभवांच्या सदराला लिहायला बसलोय हे माझ्या घरच्यांनी पाहिलं आणि हसू आवरेना त्यांना. हसू देत. मी जे ऐकलं ते भर दुपारच्या आधी, लख्ख उन्हात, दोन शहाण्यासुरत्या माणसांच्या सोबतीनं ऐकलं. आणि त्यातला एक तर ठार बहिरा होता!

गाव आमचं पश्चिम खानदेशात, शिंदखेडा तालुक्यात. दोंडाईच्याच्या स्टेशनावर उतरायचं आणि बैलगाडीनं तापीच्या अंगाला यायचं. गोष्ट आहे मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडी आधीची, थंडीच्या दिवसांतली. कापूस वेचणीला आलेला, ज्वारी कणसात आलेली.

गावात लोकल बोर्डाच्या दोन शाळा होत्या. मुलांची नदीकडे, आणि मुलींची बाजारपेठेला लागून. मुलींच्या शाळेची इमारत माझ्या वडिलांच्या काळातली. काळ्या दगडाचं जोतं, मातीच्या जाड भिंती, वर कौलं आणि मागच्या बाजूला लांबलचक ओटा. बांधली तेव्हा कुणाला वाटलं असेल की सगळ्या गावच्या पोरी इथं येऊन बसतील. आल्या नाहीत. मोठ्या दोन खोल्यांपैकी एकीत मूठभर मुली आणि त्यांच्या बाई. दुसरीत आबांचा कापूस.

आबा म्हणजे गावातले सर्वांत मोठे शेतकरी. माणूस वाईट नाही, पण रिकामी जागा दिसली की तिथं कापूस भरायचा ही त्यांची सवय. एका पावसाळ्यात 'चार दिवस ठेवतो' म्हणून ठेवलेल्या कापसानं तिथं घरच केलं होतं.

त्या वर्षी बोर्डाकडून विचारणा आली, की दोन्ही इमारती जुन्या झाल्या आहेत, दोन्हींची डागडुजी होणं शक्य नाही. तर गावानंच आपल्यातली माणसं नेमून पाहणी करावी आणि कुठली इमारत ठेवायची, कुठली सोडायची ते कळवावं. चावडीवर सभा झाली आणि कमिटी नेमली. त्यात आबा, कारण आबांना वगळून गावात काही होत नसे. दुसरे बुधानाना, कारण तरुणपणी ते रेल्वेच्या पुलांच्या कामावर होते आणि लाकूडफाट्यातलं त्यांना कळतं असा समज होता. आणि तिसरा मी. मला का घेतलं? तर सभेत सर्वांत जास्त ओरडलो म्हणून.

ओरडलो, कारण माझी कुसुम त्या शाळेत होती. तिसरीत. पोरगी हुशार, आणि बाईंसारखं आपणही बाई व्हायचं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. घरी कोंबड्यांना ओळीनं बसवून शिकवायची. पण माझ्या आईनं — तिला सगळं गाव आक्का म्हणे — बजावून ठेवलं होतं, की मुलांच्या शाळेत आमची पोर बसणार नाही. आक्कापुढं माझं काही चालत नव्हतं. म्हणजे मुलींची शाळा मोडली, की कुसुमचं शिक्षण तिथंच संपलं. मग चूल, मूल आणि माझ्या गिरणीतलं पीठ झाडणं. तिला हे समजत होतं. सभा झाली त्या रात्री तिनं मला — पोरं मला भाऊच म्हणायची — एवढंच विचारलं, "भाऊ, तुम्ही कमिटीमा शेतस ना?" मी हो म्हटलं. ती निवांत झोपली, आणि मला काही झोप येईना.

आबांचं मत सभेतच सांगून झालं होतं. "पोरी शिकीसन काय करतीन? निदान मना कापूस तरी कोरडा राही." लोक हसले. मीही हसलो असतो, त्या पोरींत माझी कुसुम नसती तर.

आता पाहणी करायची कधी? एरवी सगळे शेतात. म्हणून आम्ही बुधवार धरला. बुधवारी आमच्याकडे बाजार, त्या दिवशी कुणी शेतात जात नाही, माझी गिरणीही बंद. आबा म्हणाले, सकाळी उरकून टाकू, मग भजी खाऊ. ठरलं.

आणि आता सांगतो ती चूक आमच्यासारख्या पुरुषांकडूनच व्हायची. मुलांच्या शाळेला सुटी आईतवारी, म्हणजे रविवारी. आम्ही तिघंही त्याच शाळेत शिकलो, तेव्हा शाळेची सुटी म्हणजे आईतवार हे हाडात मुरलेलं. पण मुलींच्या शाळेला सुटी बाजाराच्या दिवशी, कारण आया बाजारात बसतात आणि लहानग्यांना सांभाळायला पोरी घरी लागतात. ही रीत शाळा निघाली तेव्हापासूनची. गावातल्या प्रत्येक बाईला ती माहीत. आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात ती नव्हती. माझी मुलगी त्या शाळेत होती, तरी! दर बुधवारी मी तिला घरी पाहत असेन, पण पाहिलं आणि ध्यानात घेतलं यात फरक असतो ना...

तर बुधवारी सकाळी आम्ही निघालो. शाळेच्या पुढच्या अंगाला बाजाराच्या गाड्याच गाड्या सोडलेल्या. बैल, कडबा, वांग्यांच्या पाट्या — दारापर्यंत जायला वाट नव्हती. म्हणून मागच्या बोळातून गेलो आणि मागच्या ओट्यावर चढलो. खिडक्यांच्या झडपा लावलेल्या होत्या. बाजाराचा कालवा आत येऊ नये म्हणून बाईंनी लावून घेतल्या असतील, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

बुधानाना कामाला लागले. त्यांची तपासायची पद्धत अशी, की ओट्याच्या खांबावर काठीनं ठोकायचं. लाकूड आतून पोकळ असेल तर आवाज बोदा येतो. पद्धत उत्तम, फक्त नानांना ऐकू येत नसे. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर एखादा शब्द पोचायचा. म्हणून ते ठोकायचे आणि माझ्याकडे पाहायचे. कसा वाजला? मी मान हलवून सांगायचो. आबा एकीकडे तंबाखू मळत भिंतीला वाळवी किती लागलीय ते मोठ्यानं सांगत होते. वाळवी फारशी नव्हतीच, पण आबांना हवी होती.

तिसऱ्या की चौथ्या खांबाशी नानांनी ठोकलं, थांबले, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "या पोरी भलत्या कलकल करतस. खांबना आवाज समजत नही."

मी हसलो. आणि मग मलाही ऐकू आलं.

आत वर्ग चालू होता. किती वेळ चालू होता कोण जाणे, बोलण्याच्या नादात आमचं लक्ष नव्हतं. मुलींचा आवाज... आणि थोडाथोडका नाही, खोली भरून ओसंडेल एवढा. आपण मूठभर मुली समजत होतो त्या एवढ्या कशा, असं मला वाटलं, आणि छाती अशी फुगली म्हणता! मी आबांकडे पाहिलं. ऐका म्हटलं, ऐका आता.

मग आत एका पुरुषाचा आवाज आला. सावकाश, शहरी बोलणं. "सतराचा होऊ द्या." आम्ही समजलो, मुलांच्या शाळेचे मास्तर आले असतील. बाई म्हणाल्या, चला. आणि सगळ्या पोरींनी एका सुरात सतराचा पाढा धरला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न... आणि सतरा चोकला गाडी अडली. सगळ्यांची एकदम. पुन्हा 'सतरा चोक' झालं, पुन्हा अडलं. कुणीतरी फिस्सकन हसलं, कुणाचा तरी धक्का लागला, आणि पितळी भांडं पडून खणखणत गडगडत गेलं. बाई म्हणाल्या, "असू दे, असू दे, आधी पाढा." आणि त्या सगळ्या गोंधळातून एका मुलीचा घोगरा, खणखणीत आवाज आला —

"बाई, मले येस. बठ्ठा येस."

पोरी खो खो हसल्या, सगळा येतो म्हणे! पण तिनं खरंच एकटीनं अडुसष्टपासून उचलला आणि एका दमात शेवटापर्यंत नेला. बुधानाना मान डोलावत उभे होते. बहिरा माणूस, काठी हातात तशीच, आणि चेहरा असा फुललेला, की कीर्तनाला बसलेत जणू.

आबांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकलीच नव्हती. ती तळहातावर तशीच धरून ते उठले, खिडकीपाशी गेले, झडपेच्या फटीला डोळा लावू पाहिला. मग काय वाटलं कोण जाणे, मागं सरकले. बाईमाणसं शिकवताहेत, मुलींचा वर्ग — फटीतून डोकावणं बरं दिसत नाही, हे त्यांनाही कळत होतं. आम्ही जोडे ओट्याखाली काढून ठेवले होते, ते आवाज न करता घातले आणि निघालो. वर्ग चालू असताना दार वाजवायचं कुणाच्याच मनात आलं नाही.

बोळात आल्यावर मी वादाला तयारच होतो. सगळे मुद्दे गिरणीत पाठ करून आलो होतो. पण आबांनी वाद घातलाच नाही. म्हणाले, लिही. काय लिहू? इमारत मजबूत आहे, शाळा भरलेली आहे, ठेवावी. भज्यांच्या दुकानात बसून मी रिपोर्ट लिहिला, तिघांनी सह्या केल्या, आणि आबांनी तो त्याच पावली दोंडाईच्याला जाणाऱ्या आपल्या गाडीवानाकडे टपालासाठी दिला. भजी मात्र खाल्ली नाहीत त्यांनी. त्यांची मीच खाल्ली.

घरी आलो तो नाचतच. ओसरीत कुसुम धाकट्याला मांडीवर घेऊन शेंगा फोडत बसलेली. मी म्हटलं, "सुटली का शाळा एवढ्यात? कोण गं ती घोगऱ्या आवाजाची? काय पाढा म्हणते!"

कुसुम शेंग फोडता फोडता म्हणाली, "आज बाजार शे ना, भाऊ. शाळाले सुटी."

मी म्हटलं, येडी का काय, मी आत्ता ऐकून आलो. तेवढ्यात तिची आई बाजारातून आली, डोक्यावर पाटी. तिला विचारलं. ती म्हणाली, बुधवारची कधी शाळा असते का? वर म्हणाली, त्या इंजिनाच्या फटफटाटानं तुमचे कान गेलेत, मी किती दिवस सांगतेय.

भर दुपारी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू?

तसाच उठलो आणि शाळेकडे गेलो. बाजार उठत आला होता, गाड्या हलल्या होत्या. पुढच्या दाराला कुलूप. बाई सकाळच्या गाडीनं दोंडाईच्याला गेलेल्या, त्या संध्याकाळी उतरल्या तेव्हा मी त्यांच्या दारात उभाच. बाई नाशिककडच्या, विधवा, शांत. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं शाळा मोडल्याचंच सांगायला आलाय. मी सगळं सांगितलं. त्यांनी कमरेची किल्ली काढून दाखवली आणि उलट मलाच धीर दिला. आम्ही जाऊन कुलूप उघडलं. एका खोलीत थोड्याशा पाट्या आणि कोपऱ्यात मातीचा माठ. दुसरीत छतापर्यंत कापूस. मी विचारलं, पितळी भांडं? बाई म्हणाल्या, शाळेत कुठलं आलंय पितळी भांडं! मास्तरांना विचारलं, तर त्या वेळी ते बाजारात बैल बघत होते, आणि त्यांच्या सोबत अर्धं गाव होतं.

आता सांगा, माणसानं काय करावं? रिपोर्ट तर गेलेला. मी बुधानानांकडे गेलो, कानात ओरडून ओरडून माझा घसा बसला. नाना ऐकून घेऊन शांतपणे म्हणाले, "मले ऐकू उनं, म्हंजे व्हतंच." त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. वर्षानुवर्षांत त्यांना एवढं स्वच्छ काही ऐकू आलं नव्हतं, ते ते कशाला सोडतील?

दुसऱ्या दिवशी आबांकडे गेलो. मनात म्हटलं, आता हे उसळतील, रिपोर्ट परत मागवतील. पण लपवणं माझ्या स्वभावात नाही. मी बोलायला तोंड उघडलं — आबा, काल बुधवार होता — आणि त्यांनी हात वर केला.

"शाळा भरेल व्हती, नथ्थू. मी ऐकं."

बस. पुढं बोलूच दिलं नाही. मी आपला पायऱ्या उतरलो.

थोड्या दिवसांनी बोर्डाकडून उत्तर आलं. म्हणे पटावर मुली अगदी थोड्या आणि कमिटी लिहिते शाळा भरलेली, हे कसं? तेव्हा शाळा तपासणारे साहेब स्वतः पाहायला येत आहेत, आणि मगच काय ते ठरेल.

म्हणजे झालं! साहेब येणार, मूठभर मुली पाहणार, शाळा मोडणार, वर गाव खोटारडं ठरणार. कुसुमनं माझं तोंड पाहून काय ते ओळखलं. त्या संध्याकाळी कोंबड्यांची शाळा भरली नाही. ते मला फार लागलं.

मग कुसुमची आई पुढं झाली. म्हणाली, तुम्ही पुरुषांनी ऐकली ना भरलेली शाळा? मग आता आम्ही भरून दाखवतो. आणि तिनं गिरणी ताब्यात घेतली! आमच्या गावात प्रत्येक घरची बाई दोन-चार दिवसांत दळण घेऊन यायचीच. पाट्यांची ओळ लागायची, ओळीत नंबरावरून भांडणं व्हायची. तिनं नियम काढला, की जिची पोर शाळेत तिचं दळण आधी. मी म्हटलं, अगं गिऱ्हाईक तुटेल. ती म्हणाली, दळायला कुठं जातील, दोंडाईच्याला? ज्या बायका नंबरावरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या त्या पोरींना वेणीफणी करून शाळेत नेऊन सोडू लागल्या. कुणी कुरकुरल्या, कुणी शिव्या दिल्या, पण पोरी आल्या. बाई दारोदार फिरल्या. आक्कासुद्धा — माझी आई, पोरींनी मुलांत बसू नये म्हणणारी — तीन घरच्या म्हाताऱ्यांना दटावून आली, की वेगळी शाळा शे ना, मंग कसाले अडवतस?

आणि आबा? आबांनी एका सकाळी गाड्या आणून स्वतः उभं राहून दुसरी खोली रिकामी केली. कापूस बाहेर. भिंतींना पांढरी माती, शेणाचा सडा. आणि दुसऱ्या दिवशी आपली नात आणून बसवली. यमुना तिचं नाव. आबांच्या घरातली एकही पोर आजवर शाळेत गेली नव्हती. ही तर गावात फारशी दिसायचीच नाही, नदीकाठच्या मळ्यात राहायची, ज्वारीवरची पाखरं हाकलायची. कुसुमपेक्षा थोराड, केसांत कस्पटं, आणि पाटी उलटी धरलेली. मी आपलं समजलो, आबांना गावाच्या शब्दाची लाज आहे म्हणून आणली. बाईंनी तिला कुसुमशेजारी बसवलं. त्या दोघींची अशी गट्टी जमली, की कुसुम रोज संध्याकाळी कोंबड्या सोडून यमुनेला शिकवायला लागली.

साहेब आले ते संक्रांत होऊन गेल्यावर. बरा माणूस. डोक्याला रुमाल, कोट, धिम्या चालीचा. गाव लोटलं होतं पुढच्या अंगणात. बाईंनी कमिटीला सांगितलं, तुम्ही तिघं समोर उभे राहिलात तर पोरी बिचकतील. म्हणून आम्ही मागच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्याच ओट्यावर. खिडक्यांच्या झडपा लावलेल्या, पुढचा कालवा आत येऊ नये म्हणून. ते बघूनही मला तेव्हा काही वाटलं नाही. माझं सगळं चित्त आत. मी मारुतीला, कानबाईला, दिसेल त्या देवाला हात जोडत होतो. हो, मीच!

आतून साहेबांचा आवाज आला. सावकाश, शहरी.

"सतराचा होऊ द्या."

बुधानाना टुणकन उठून उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. आत बाई म्हणाल्या, चला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस... सतरा चोकला गाडी अडली. पुन्हा सतरा चोक, पुन्हा अडली. कुणी फिस्सकन हसलं, आणि मी मनात म्हटलं, आता भांडं. खणखणत भांडं गडगडत गेलं! साहेबांना पाणी द्यायला म्हणून त्या सकाळी माझ्याच घरातून कुसुमच्या आईनं पितळी तांब्या नेला होता. "असू दे, असू दे, आधी पाढा," बाई म्हणाल्या.

"बाई, मले येस. बठ्ठा येस."

या खेपेला मी रीत सोडली आणि फटीला डोळा लावला. यमुना उभी होती. हात मागं बांधून, पाखरं हाकलून हाकलून घोगऱ्या झालेल्या आवाजात, अडुसष्टपासून थेट शेवटापर्यंत. शेजारी माझी कुसुम ओठ हलवत होती. पाढा संपल्यावर साहेब हसले, पोरी हसल्या, पुढं अंगणात सगळं गाव हसलं. मी ओट्यावर बसून रडत होतो आणि कशासाठी ते मलाच कळत नव्हतं.

आबा खांबाला टेकून बसले होते. तंबाखू मळून झाली होती, ती त्यांनी तोंडात टाकली.

शाळा राहिली. कौलं बदलून मिळाली, दुसऱ्या खोलीतही वर्ग बसला, आणि आणखी एक बाई आल्या. कुसुम चौथी झाली, पुढं धुळ्याला शिकायला गेली, आणि आता आमच्याच शाळेत ती बाई आहे. खऱ्या पोरींना शिकवते, कोंबड्यांना नाही.

हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी मला समजावून दिलं. कुणी म्हणालं, बाजाराचा गलका तुम्हाला पाढ्यासारखा वाटला असेल. बाजारात सतराचा पाढा कोण म्हणतं हो? कुणी म्हणालं, बाईंना तुम्ही सांगितलंत, मग त्यांनीच तो पाढा घेतला. पण पाढा साहेबांनी निवडला, आणि साहेबांना यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. आणि बहिऱ्या नानांना कसं ऐकू आलं? नाना पुढं जगले तोवर त्यांना दुसरं काहीच धड ऐकू आलं नाही. इंजिन बंद पडलं तर मी अर्ध्या घटकेत सांगतो कुठं बिघडलंय. इथं मी इतकी वर्षं उकलून बघतोय, अजून हाताला काही लागत नाही. वाचकांपैकी कुणाला लागलं तर कळवावं.

एक गोष्ट मात्र मला खूप उशिरा कळली. मागच्या वर्षी यमुना माहेरी आली होती, आपल्या मुलीला कुसुमच्या शाळेत घालायचं म्हणून. आबा आता थकलेत. ओसरीवर ते आणि मी बसलो होतो, आणि आत ती घोगऱ्या आवाजात कुणाला तरी हाक मारत होती. मी धीर करून विचारलं, की आबा, तुम्ही त्या बुधवारी वाद न घालता सही का केली?

आबा म्हणाले, आवाज त्यांनी तेव्हाच ओळखला होता. त्यांची नात... आपल्याला चोरून शाळेत येते! आमच्यापुढं वाद घातला असता तर घरचंच उघडं पडलं असतं, म्हणून सही केली आणि तडक मळ्यात गेले, पोरीला बडवायचीच म्हणून. तर ती माळ्यावर, पाखरं राखायच्या मचाणावर उभी, हातात गोफण, सकाळपासून तिथंच. सोबतच्या बायका साक्षीला. आबांनी तिला विचारलं, सतराचा पाढा म्हण. ती म्हणाली, पाढा म्हणजे काय?

"मंग तुम्ही तिले शाळामा कसाले घाली?" मी विचारलं.

आबा आतल्या आवाजाकडे कान देऊन हसले.

"घालनीच पडनी ना, नथ्थू. पाढा तर ती पहिलेच म्हनी बठनी व्हती. शिकानं तेवढं बाकी व्हतं."